टाकीवरचे दोन अंगठे

शंकरराव : बसला काऊन बे?

अन्वर : बसलो नाई. थांबलो.

शंकरराव : थांबणारा माणूस उभा राह्यते. तू बूड टेकवून आहे.

अन्वर : जिना पाहून राह्यलो. पंचायतीचा जिना आहे, त्याच्यावर नजर ठेवा लागते.

शंकरराव : बुडानं?

(सकाळची वेळ. गावच्या पाण्याच्या टाकीचा गोल जिना. जिना अर्ध्यावर जिथे जरा रुंद होतो तिथे शंकरराव तायडे उभे आहेत : तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, आणि गेल्या वर्षी हृदयात स्प्रिंग टाकून घेतलेले. दोनच पायऱ्या खाली त्यांचा शाळेपासूनचा दोस्त अन्वर, ग्रामपंचायतीचा वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. मोबाईलची रेंज साऱ्या गावात याच एका टप्प्यावर येते. बाकी गावात विकास आला आहे.)

अन्वर : तू खाली उतर पहिले. हार्टचा पेशंट पुढं आन् वॉलमन मांगं, कोणं पाह्यलं तं काय म्हणन? तुले कोणं सांगतलं चढाले?

शंकरराव : तुह्या पोरानं, अकीलनं. वरवटहून फटफटीवर निरोप घेऊन आला, मी दात घासून राह्यलो होतो. मंजूनं त्याच्या दुकानावर फोन केला म्हणे. निरोप असा, की बाबांना सांग, बिछान्यातून अजिबात उठू नका, आन् मले ताबडतोब फोन करा.

अन्वर : मंग उठला कायले?

शंकरराव : बिछान्यात रेंज नाही. दोन आदेश परस्परविरोधी असले की नंतरचा ग्राह्य धराचा, असा दंडक आहे. मी उत्तरार्ध पाळला.

अन्वर : पोरगी काय म्हणते थे मी इचारून आलो असतो. रोज चढतोच मी.

शंकरराव : आज कुठी चढून राह्यला?

अन्वर : आज जरा... अकील दुसरं काई बोलला का?

शंकरराव : नाही. दुसरं काय होतं?

अन्वर : काई नाई.

शंकरराव : अन्वर.

अन्वर : काई नाई म्हणलं नं बाप्पा.

शंकरराव : माहा फोन दे. चार रोजापासून तुह्याच खिशात मुक्काम आहे त्याचा. रोज इचारतो, काय आलं बे? तं तू म्हणतं, हिरवं.

अन्वर : हिरवंच आहे.

शंकरराव : मंग दाखवाले काय जाते?

अन्वर : चार्जिंग नाई त्याले.

शंकरराव : आता तं म्हणला, मी इचारून आलो असतो. कशावर इचारलं असतं, हात तोंडाले लावून?

अन्वर : शंकर, तू आराम कर यार. तुह्या तब्येतीले असं बोलणं चांगलं नाई.

शंकरराव : फोन.

अन्वर : घे. पण बसून पाह्य. कठड्याले टेकून पाह्य.

शंकरराव : चार्जिंग तं भरपूर आहे. हे काय? सारं लालभडक.

अन्वर : तुले म्हणलं होतं, टेकून पाह्य.

शंकरराव : ‘नमस्कार शंकररावजी. मी आपला हृदयसखा. आपल्या हृदयाची लय अनियमित आढळली आहे. कृपया घाबरू नका. कृपया विनाविलंब रुग्णालयात दाखल व्हा.’ सख्याची भाषा पाह्य. आमच्या तहसीलची नोटीस यापेक्षा मायेची राहे.

अन्वर : पहिल्या रोजी लाल आलं तं मले वाटलं, मंजूनं तुह्या दिलासाठी पाठवलेल्या मशीनच्या पट्टीले पाणी लागलं. कुडत्यानं पुसली. पुन्हा लाल. दुसऱ्या रोजी लाल. मंग समजलो मी.

शंकरराव : काय समजला?

अन्वर : की तुहं काई खरं नाई.

शंकरराव : माहं?

अन्वर : मंग कोणाचं? फोन तुहा. नाव तुहं. फोटो तुहा, तो बी निरोप समारंभातला, हार घातलेला. खाली लाल दिल आन् वर हार. मले तं पाहूनच कसंतरी झालं.

शंकरराव : म्हणून तू परवा बाजारातून माही पिशवी उचलून आणली.

अन्वर : जड होती.

शंकरराव : पिशवीत कोथिंबीर होती.

अन्वर : बीमार माणसाले कोथिंबीरबी जड.

शंकरराव : आन् नजमुन्निसा भाभीनं ठेच्याच्या जागी दूध पाठवलं.

अन्वर : तिले मी काई बोललो नाई. फकत म्हणलं, शंकरले पांढरं देत जा, लाल नको देऊ.

शंकरराव : आन् काल निंबाखाली बसलो तं मले इचारतं, शंकर, तुही काई इच्छा राह्यली का?

अन्वर : सहज इचारलं.

शंकरराव : सहज कोणी इचारते हे? मी म्हणलं, गरम भजे. तं तुह्या डोळ्यात पाणी.

अन्वर : भजेबी नशिबात नाई म्हणून.

शंकरराव : अन्वर, आता नीट आयक. या पट्टीवर अंगठे कोणं ठेवले?

अन्वर : मी.

शंकरराव : दोन्ही?

अन्वर : दोन्ही. मशीनच म्हणते, दोन्ही अंगठे ठेवा, शांत बसा, बोलू नका. दिवाळीपासून मीच ठेवून राह्यलो, आता कायले इचारतं?

शंकरराव : रेशनच्या मशीनवर मी अंगठा ठेवला तं तुहं धान्य निघन का?

अन्वर : माहा ठेवला तरी नाई निघत. वॉल फिरवून फिरवून रेघा गेल्या. पण थे मशीन हुशार आहे, दुसऱ्याचं देत नाई.

शंकरराव : हे मशीन तितकं हुशार नाही. त्याले माणूस वळखू येत नाही. त्याले अंगठ्यातून फक्त ठोके समजतात. ज्याचे अंगठे, त्याचे ठोके.

अन्वर : पण नाव तं...

शंकरराव : नाव टपालावर राह्यते बे. पाकिटात काय आहे थे येगळं.

अन्वर : म्हंजे?

शंकरराव : म्हंजे आता उभा राहू नको.

अन्वर : मी तं बसलोच आहो.

शंकरराव : बसूनच राह्य.

अन्वर : म्हंजे चार रोजापासून मी दूध पाजून राह्यलो तुले, आन्...

शंकरराव : हो.

अन्वर : गंमत करून राह्यला तू. मले काय होते? मी जिंदगीत दवाखान्यात गेलो थे फकत तुले पाह्याले. तिथंबी त्या नर्सनं मले पेशंट समजून झोपवलं तं उठून आलो.

शंकरराव : तिची नजर या मशीनपेक्षा चांगली होती. दम कवापासून लागते?

अन्वर : दम नाई लागत.

शंकरराव : पंचायतीचा जिना पाहून राह्यलो म्हणणारा माणूस तू.

अन्वर : थोडासा. मले वाटलं उमर झाली. जिनाच उंच झाल्यावानी वाटते आजकाल.

शंकरराव : सिमेंट वाढत नसते.

अन्वर : हे सगळं तुह्या त्या हृदयसख्याचं भूत. चांगला पुण्याहून ठीक होऊन आला होता, गप बसाचं. तं रोज सकाळी उपाशीपोटी अंगठे ठेव, आन् रेंज नसली तं ते नोंदच घेत नाई. मंग चढला तू टाकीवर.

शंकरराव : मंजूची अटच तशी होती. रोज हिरवं दिसलं तं गावात राह्यजा. लागोपाठ लाल आलं तं पुण्याले चाला. मी हिरवं दाखवासाठी चढलो, आन् जिना चढून धापा टाकत अंगठे ठेवले तं लाल आलं.

अन्वर : लाल आलं तं पुण्याच्या डॉक्टरनं गोळी वाढवली.

शंकरराव : गोळी वाढवली, आन् नोंदबी दिवसातून दोनदा मागतली. म्हणजे जिना दोनदा.

अन्वर : जिना दोनदा तं लाल दोनदा. मंग अजून गोळी. आखरीले भर बाजारात चक्कर येऊन टोमॅटोच्या ढिगात पडला तू. सारा लाल. मले वाटलं संपलाच. टोमॅटो निघाले.

शंकरराव : तवा तूच म्हणला, मी रोज पाण्याची पातळी पाह्याले चढतो, माहेच अंगठे ठेवतो.

अन्वर : म्हणलो तं म्हणलो. काई वाईट झालं का? दुसऱ्याच दिवशी हिरवं.

शंकरराव : नुसतं हिरवं? ‘अभिनंदन शंकररावजी, आपले हृदय आपल्या वयाच्या मानाने तरुण आहे.’ डॉक्टरनं गोळी जाग्यावर आणली. मंजूनं तुह्या ठोक्यांचा आलेख तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली बायांनी टाळ्या वाजवल्या.

अन्वर : थे सोन्याचं पदकबी आलं होतं नं. सुवर्ण हृदय. मले लय चांगलं वाटलं होतं यार. पंचायतीनं इतक्या वर्सात एक नारळ नाई देला.

शंकरराव : तुह्या नावावर नाही आलं थे.

अन्वर : माईत आहे. पण आलं तं माह्याचमुळं.

शंकरराव : तेच तं सांगून राह्यलो. हे बी तुह्याचमुळं आलं.

अन्वर : आता एक कर. मंजूले सांग, मशीन बिघडलं. टाकीवर नेलं, ओलं झालं. ती तुले नेईन, तपासन, तुहं सगळं ठीक निघन. पोरगी मशीनले शिव्या देईन आन् तुले परत आणून सोडन. मशीन बदनाम, तू घरी.

शंकरराव : आन् तू?

अन्वर : माहं मी पाहून घेईन. लसूण खाईन.

शंकरराव : लसूण.

अन्वर : कच्चा.

शंकरराव : म्हणजे दिल बंद पडलं तरी तोंडाचा वास चालू राहीन.

अन्वर : शंकर, खरं सांगतलं तं ती तुह्यावर पुन्हा कवाच भरोसा ठेवणार नाई. घराले कुलूप लावून नेईन. तूच म्हणत होता, अकराव्या मजल्यावर गॅलरीले जाळी आहे, कबुतरासाठी लावली पण आत आपणच राह्यतो.

शंकरराव : म्हणलो होतो.

अन्वर : तिथं तुले सारे अंकल म्हणतात. इथं मी आहो, बे म्हणाले.

शंकरराव : तू असशीन तं म्हणशीन नं बे. थांब, वाजून राह्यला.

अन्वर : उचलू नको.

शंकरराव : नाही उचलला तं ती टाकीच पाडून येईन. हॅलो. बोल बेटा.

मंजुश्री : बाबा, कुठे आहात तुम्ही?

शंकरराव : घरीच.

मंजुश्री : घरी रेंज कशी आली?

शंकरराव : आली आज. रस्ता चुकली असन.

मंजुश्री : वाऱ्याचा आवाज येतोय.

शंकरराव : पंखा आहे.

मंजुश्री : बरं, ऐका. घाबरू नका. आडवे आहात ना? एकही पायरी चढायची नाही, डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय.

शंकरराव : नाही चढत. आता नुसतं उतराचं राह्यलं.

मंजुश्री : काय?

शंकरराव : काही नाही. तू बोल.

मंजुश्री : डॅशबोर्डवर लागोपाठ चार दिवस रेड अलर्ट आहेत. मी ऑफिसच्या गडबडीत तीन दिवस बघितलेच नाहीत, तो माझा गाढवपणा. काल रात्री बघितलं आणि निघाले. आत्ताच अमडापूर सोडलं. खामगावच्या दवाखान्यात बोलून ठेवलंय, बेड राखून ठेवलाय. आधी तिथे, आणि तुम्ही स्थिर झालात की तिथूनच थेट पुणे. कायमचं. यावर आता चर्चा नको. घराची किल्ली अन्वरकाकांकडे देऊ.

शंकरराव : त्याच्याकडे नको देऊ.

मंजुश्री : का?

शंकरराव : सांगतो. डॉक्टर काय म्हणते, थे पहिले सांग. जरा मोठ्यानं बोल, मी स्पीकरवर टाकलं.

मंजुश्री : हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून घाई. वेळेत औषध सुरू झालं तर लोक व्यवस्थित जगतात, बाबा. पण वेळेत. मला सांगा, छातीत धडधड होते?

शंकरराव : थांब, इचारतो.

मंजुश्री : कुणाला विचारताय?

शंकरराव : कबुतर फडफडल्यावानी होते म्हणते.

मंजुश्री : कोण म्हणतं?

शंकरराव : दम लागते. हे म्या पाह्यलं, त्यानं सांगतलं नाही. घामबी आहे कपाळावर. त्याचं म्हणणं असं, की ऊन आहे. ऊन अजून टाकीच्या पल्याड आहे.

मंजुश्री : टाकीच्या? बाबा, तुम्ही कुठे आहात नक्की?

अन्वर : मंजू बेटा, मशीन बिघडलं होतं बरं का. ओलं झालं. तुह्या बाबाले काई नाई.

मंजुश्री : अन्वरकाका? तुम्ही काय करताय तिथे? आणि असे थांबून थांबून का बोलताय?

अन्वर : जिना पाहून राह्यलो बेटा.

शंकरराव : मंजू, मशीन चांगलं आहे. मशीन एकदम खरं बोलून राह्यलं. लय दिवसांपासून खरं बोलून राह्यलं, आम्हीच त्याले खोट्या नावानं हाक मारली.

मंजुश्री : मला समजेल असं बोला, बाबा.

अन्वर : शंकर, नको.

शंकरराव : दिवाळीपासून त्या पट्टीवर माहे अंगठे नाहीत. अन्वरचे आहेत. रेंज टाकीवरच येते, जिना चढला की माहं लाल येत होतं, म्हणून तो ठेवत होता. हिरवं होतं थे त्याचं. सोन्याचं पदक त्याचं. आन् हे लाल बी त्याचंच आहे. ज्याची घाई आहे म्हणून तू निघाली, तो माणूस माह्या खाली पायरीवर बसून आहे.

मंजुश्री : दिवाळी...

शंकरराव : मंजू? रेंज गेली का?

मंजुश्री : नाही. आहे. दिवाळीपासून?

शंकरराव : हो.

मंजुश्री : मी ऑफिसमध्ये दाखवलं सगळ्यांना. माझ्या बाबांचं हृदय म्हणून.

अन्वर : काय म्हणले लोकं?

शंकरराव : तू गप राह्य जरा.

मंजुश्री : बाबा, मी रोज झोपायच्या आधी ते हिरवं बघायचे. आई गेल्यापासून मला झोप येत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते हिरवं बघितलं की लागायची.

शंकरराव : म्हणूनच तं दाखवत होतो बेटा.

मंजुश्री : म्हणूनच? अन् खाली काही झालं असतं तुम्हाले, अन् वर हिरवं दिसत राह्यलं असतं, तर? तुम्ही दोघं तिथं काय करून राह्यले बाबा? कोणाले काही समजते का घरात? एक टाकीवर चढून राह्यला, दुसरा अंगठे देऊन राह्यला, अन् मी तिथं पुण्यात बसून कोणाच्या नावानं देवापुढं... विहारात जाऊन मेणबत्ती लावून राह्यली होती मी दर पुनवेले. कोणाच्या नावानं लावली, मलेच माहीत नाही आता.

अन्वर : लागलीच असन बेटा कोणालेतरी. दिवाळीपासून मस्तच चाललं होतं माहं.

मंजुश्री : काका, तुम्ही बोलू नका. तुम्हाला बोलायचं नाही. हसायचं पण नाही. एक मिनिट थांबा, मी डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर विचारते.

अन्वर : पोरगी आपल्यावानी बोलली आज. पयल्यांदा समजलं ती काय बोलते.

शंकरराव : तिनं बोलू नको म्हणलं तुले.

अन्वर : तू कायले सांगतलं बे? मी इतकं नको नको म्हणून राह्यलो.

शंकरराव : टिपणी सादर करताना वस्तुस्थिती लपवू नये, असा नियम आहे.

अन्वर : नोकरीत कवा पाळला का?

शंकरराव : नाही. म्हणून शिल्लक होता.

मंजुश्री : हॅलो. डॉक्टर म्हणाले, खामगावला काकांनाच घेऊन या, तोच बेड. स्वतःच्या मनानं कोणतंही औषध द्यायचं नाही. बोलताना जीभ जड होतेय का, तोंड वाकडं दिसतंय का, हाताला जोर आहे का, बघा.

शंकरराव : तोंड पहिल्यापासून असंच आहे. हात दाब माहा, अन्वर. जोरानं. सोड बे, सोड. हाताले जोर आहे.

मंजुश्री : मग आधी चांगलं बसू द्या त्यांना. आणि गावातून चार माणसं बोलवा, खुर्चीत बसवून उतरवा.

अन्वर : खुर्चीत? मी? ज्या टाकीवर उभी जिंदगी गेली तिच्यावरून वरातीवानी उतरू? सारं गाव हंडे घेऊन खाली उभं आहे. पाणी नाई येत तं नवरदेव येऊन राह्यला. मी नाई.

शंकरराव : या गोल जिन्यात खुर्ची वळतच नाही. थे नको. दम जिरू दे त्याचा, मंग मी हळूहळू उतरवतो. खाली अकील थांबला आहे फटफटी घेऊन.

मंजुश्री : बरं. पण एकेक पायरी. दर दोन पायऱ्यांनी बसायचं. थांबून. आणि बाबा, पुण्याचं मी मागं घेत नाही. उलट आता तर...

शंकरराव : येतो.

मंजुश्री : काय म्हणालात?

शंकरराव : येतो म्हणलं. पहिले याले त्या पलंगावर झोपव, औषध चालू कर, थे हिरवं होऊ दे. मंग मी येतो तुह्या अकराव्या मजल्यावर. जाळीसकट.

मंजुश्री : इतक्या लगेच हो म्हणालात. मी औरंगाबादपर्यंत भांडणाची तयारी करत आले होते.

शंकरराव : तयारी वाया जात नाही. सुनेसंगं भांडताना कामी येईन पुढं कवातरी.

अन्वर : शंकर, तू कायले हो म्हणला?

शंकरराव : तुले बोलू नको म्हणलं आहे.

मंजुश्री : काका, काकूंना सांगितलं का?

अन्वर : नजमुन्निसाले? तिले सांगतलं तं ती दूध मलेच पाजन.

मंजुश्री : खाली उतरलात की अकीलला पाठवा सांगायला. मी दोन तासांत पोचते. हळू उतरा. आणि बाबा, तुमचं...

शंकरराव : हॅलो. मंजू. गेली रेंज.

अन्वर : जाते कधी कधी. वारा फिरला की जाते.

शंकरराव : हे काय, बोलता बोलता येऊन पडलं? ‘शंकररावजी, आजची आरोग्यसूचना. लिफ्टऐवजी जिन्याचा वापर करा.’

अन्वर : गावात लिफ्ट कुठी आहे?

शंकरराव : त्याले काय माहीत. त्याले वाटते, सारं जग अकराव्या मजल्यावर राह्यते. मांगच्या हप्त्यात त्यानं ऑलिव्हच्या तेलात भाजी कर म्हणलं. मंग पोहाले जाय म्हणलं. या मार्च महिन्यात, या तालुक्यात. मी वर टाकीकडं पाह्यलं.

अन्वर : या टाकीत पोहला असता तं मीच तुले बुडवलं असतं. पंचायतीचं पिण्याचं पाणी आहे.

शंकरराव : दम बसला का?

अन्वर : बसून राह्यला. शंकर, एक इचारू?

शंकरराव : इचार. फुकट आहे.

अन्वर : लकवा आला तं एकच बाजू जाते नं? म्हंजे एक हात राह्यते. वॉल एका हातानं फिरते का, पाहा लागन.

शंकरराव : काही येत नाही लकवाबिकवा. तिनं सांगतलं, वेळेत औषध चालू झालं तं लोकं जगतात. तू वेळेत आहे. जिंदगीत पयल्यांदा.

अन्वर : पाणी सोडाचं राह्यलं नं आज. लोकं शिव्या देत असन.

शंकरराव : देऊ दे. त्यांचीही हृदयं तपासल्यावानी होईन.

अन्वर : तू खरंच जाशीन पुण्याले?

शंकरराव : शब्द देला.

अन्वर : मंग तिथं गेल्यावर अंगठे कोणाचे ठेवशीन?

शंकरराव : तिथं रेंज आहे. माहेच ठेवा लागतीन.

अन्वर : आन् मले भेटणार कोण हे असं तोंड सोडून बोलणारं?

शंकरराव : तुले हृदयसखा घेऊन देतो. नावबी तुहं, फोटोबी तुहा. रोज सकाळी म्हणन, नमस्कार अन्वरजी.

अन्वर : अन्वरजी. नजमुन्निसा हसून मरन.

शंकरराव : आन् माह्या फोनवर तुहा आलेख दिसन, असं करून देईन मंजू. तिले येते थे. लाल आलं तं मी तिथून शिव्या देईन.

अन्वर : तुह्या शिव्या घेवाले रोज टाकीवर चढाचं मी?

शंकरराव : नाही. वरवटले जाशीन, अकीलच्या दुकानात बसून ठेवशीन. टाकी आता पंचायत दुसऱ्याले देईन.

अन्वर : दुसऱ्याले.

शंकरराव : त्याचं नंतर बोलू. उठ आता. कठडा धर. थांब, मले पहिले खाली येऊ दे, तुह्या पुढं.

अन्वर : तू पेशंट, मांगून ये. मी पुढं होतो.

शंकरराव : पुढं मीच. पडला तं माह्यावर पडशीन.

अन्वर : तुह्या अंगावर पडून काय फायदा? तुह्यात काय आहे, हाडं आन् स्प्रिंग.

शंकरराव : स्प्रिंगच पाह्यजे. उसळी देईन तुले. ठेव पाय. हां. आता दुसरा.

अन्वर : मंजू आखरीले काय इचारत होती बे? रेंज गेली तवा?

शंकरराव : तुमचं, इतकंच आयकू आलं.

अन्वर : खरंच तं. माहं सगळ्यायले समजलं. तुह्या दिलाचं काय?

शंकरराव : त्याचं काय. दिवाळीपासून त्याले कोणंच इचारलं नाही. चालून राह्यलं बिचारं, गुपचूप. बस आता या पायरीवर जरा. मी बी बसतो.